अण्णांचा गुन्हा काही केल्या सिद्ध होईना

आमच्या ऑफिसात काहीही बिघडलं की अण्णा सगळ्यांच्या आधी गुन्हा कबूल करून मोकळे व्हायचे. काय बिघडलंय हे कळायच्याही आधी. "तप्पु नंदे," म्हणायचे, म्हणजे कानडीत 'चूक माझीच'. मग खुर्ची ओढून बसायचे, चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "हां, आता सांगा. झालं काय?"

मी नागपूरहून नवीनच बंगळूरला आले होते. पहिल्या काही दिवसांत मला वाटलं, अरे बाप्पा, केवढ्या चुका करतो हा माणूस! कॉफीचं मशीन गळलं, चूक अण्णांची. लिफ्ट अडकली, अण्णांची. मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लागेना, तेव्हा तर अण्णा त्या खोलीत नव्हतेसुद्धा. बाहेरून जाता जाता दारातून मुंडकं आत घालून "तप्पु नंदे" म्हणाले आणि निघून गेले. आता असा माणूस इतकी वर्षं नोकरीत टिकतो कसा, हे मला कोणी सांगेना. विचारलं की सगळे नुसते हसायचे.

आमची कंपनी लहान. दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचे, एवढाच आमचा धंदा. म्हणजे कारखाना त्यांचा, माल त्यांचा, पण कुठला माल किती आहे आणि कोणाला पाठवायचाय ही सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये असते त्याची काळजी आमच्याकडे. त्यासाठी भिंतीवर एक मोठा स्क्रीन होता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे एक ठिपका. आमचा एक छोटा प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळानं त्या त्या सर्व्हरकडे जायचा, लॉगिन करायचा, "बरं आहे ना?" असं विचारून परत यायचा. नीट जाऊन आला तर ठिपका हिरवा. नाही जमलं तर लाल. दिवसभर आम्ही त्या ठिपक्यांकडे तोंड करून बसलेलो असायचो आणि अण्णा आमच्याकडे तोंड करून.

अण्णा राजाजीनगरचे. त्यांचं घराणं कधीकाळी, राजेराजवाड्यांच्या दिवसांत, इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दारात कानडी. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. "जेवण झालं क्या गं? नाही? मग स्वल्प खाऊन घे की." मी हसले की ते म्हणायचे, "हस, हस. माझं मराठी जुनं हाय, तुझं नवं. दोन्ही पाण्यात घालून बघू, कुणाचं रंग सोडतंय ते." मला ते नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "काय नागपूर?" एवढंच.

टेबलाखाली त्यांचा एक जुना कॉम्प्युटर होता, पेटीसारखा. अण्णा चपला काढून त्याच्यावर पाय ठेवून बसायचे. बंगळूरात डिसेंबरात सकाळी गारठा असतो, आणि ती पेटी गरम असायची. ती गरम का असते, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे इंजिनियर बरं का.

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य अण्णांसमोर उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा उच्चारलं आणि पस्तावले.

"अण्णा, तो देवनहळ्ळीवाला सर्व्हर डाउन आहे."

"तू बघून आलीस?"

"लाल दिसतंय ना स्क्रीनवर."

"लाल म्हंजे आपला माणूस तिथं जाऊन आला नाही, एवढंच. वाटेत पंक्चर झाला असंल. गेटवरच्यानं सोडलं नसंल. नाहीतर आतल्यांनी ओळख दिली नसंल. तेवढ्यावरनं घरातलं माणूस गेलं म्हणून रडायला बसतीस होय?"

मग ते मला पूर्ण वाक्य बोलायला लावायचे. मी कुठून निघाले, कुठल्या दाराशी गेले, आणि दारावर मला काय सांगितलं. 'कनेक्ट होत नाहीये' असं म्हटलेलं चालायचं नाही. "कोण होत नाहीये? कुठनं? कुणाला?" असं विचारून जीव नकोसा करायचे. माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हर उघडतो असं मी अभिमानानं सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्यावरनं उघडतोय, ते ठीक हाय. पण तू तक्रार केलीस का? ज्यानं तक्रार केली त्याच्या जागेवर जाऊन बघ." आणि खरंच मला उठवून त्या मशीनसमोर नेऊन बसवलं. तिथून उघडत नव्हता. वाटेतल्या फायरवॉलनं, म्हणजे गेटवरच्यानंच, फक्त त्या एका मशीनला अडवलं होतं.

हे खूळ नंतर माझ्याही अंगात शिरलं. एकदा आई फोनवर म्हणाली, "तुझे बाबा तुझा फोन उचलत नाहीत, अजून रागावलेत." मी म्हटलं, "आई, तिकडे रिंग वाजली होती का? की फोनच बंद होता? की वाजली आणि त्यांनी बघून ठेवून दिला?" आई म्हणाली, "काऊन गं अशी डोक्यावर पडल्यासारखी बोलून राहिली?" पण चौकशीअंती निघालं काय, तर बाबांनी फोन चार्जिंगला आतल्या खोलीत लावला होता. रागावलेले होतेच, ते वेगळं. मी नागपूर सोडलं म्हणून रागावले होते. आत्याचा तिथे कॉम्प्युटरचा क्लास आहे, तिथे मी शिकवावं अशी त्यांची इच्छा. निघताना म्हणाले होते, "जा. पण नोकरी पक्की झाली नाही तर मुकाट्यानं परत यायचं आणि आत्याकडे लागायचं." मी कबूल केलं होतं. आत्या चांगली आहे हो, पण तिच्या हाताखाली माझा श्वास कोंडतो. त्या क्लासात मी आयुष्य काढलं नसतं. त्यामुळे नोकरी पक्की होणं माझ्यासाठी जीवन-मरणाचा प्रश्न होता, आणि हे आख्ख्या ऑफिसला माहीत होतं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही.

एका रविवारी अण्णांनी मला घरी जेवायला बोलावलं. पानात एका बाजूला पुरणपोळी, दुसऱ्या बाजूला सारू, म्हणजे आपलं सारच, पण चांगलं झणझणीत. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणू लागले. मी अक्कांना विचारलं, "हे घरीपण असंच करतात का हो? चूक माझी, चूक माझी?"

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, यांच्याशी भांडायची सोय नाही बघ. सुरू व्हायच्या आधीच हरतात! लग्नाला इतकी वर्षं झाली, एक भांडण पुरं करून दिलं नाही मला."

मग त्यांनी पुतण्याच्या लग्नातली गोष्ट सांगितली. पंगत बसली आणि भात संपला. आचारी मुलीकडच्यांना बोलतोय, मुलीकडचे मुलाकडच्यांना, आवाज चढले, कोणीतरी ताट आपटलं. अण्णा मधे जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, भाताचा अंदाज मी चुकवला. वास्तविक त्यांच्याकडे फक्त गुलाबपाणी शिंपडायचं काम होतं. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. तोंडसुख घेऊन झालं, आणि मग आचारी हळूच म्हणाला, एक पातेलं मागं झाकून ठेवलंय, विसरलोच होतो.

"विसरला नव्हता," अक्का म्हणाल्या. "घरी न्यायला ठेवला होता."

अण्णा शांतपणे पोळीवर तूप ओतत होते. मी म्हटलं, "अण्णा, पण कशाला? दुसऱ्याचं आपल्या अंगावर का घ्यायचं?"

"चूक कुणाची ते ठरेपर्यंत कोण खरं बोलत नाही गं," ते म्हणाले. "सगळे आपलं आपलं झाकत बसतात. म्हणून मी ते आधीच ठरवून टाकतो. मग कामाला लागता येतंय. वाढ गं तिला अजून एक."

मला ते पटलं. ऑफिसातही तसंच व्हायचं. अण्णांनी कबूल केलं की पाचेक मिनिटांत कोणीतरी चाचरत म्हणायचं, "ॲक्चुअली, मी काल एक सेटिंग बदललं होतं." त्या कबुलीवर कोणी कधी कोणाला रागावलं नाही, कारण आरोपी तर आधीच बसलेला होता.

आणि मग बोम्मसंद्र्याचं प्रकरण झालं.

बोम्मसंद्र्याला आमच्या गिऱ्हाइकाचा एक कारखाना होता, औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा. अण्णांनी कंपनीत आल्या आल्या उभा केलेला पहिला सर्व्हर त्यांचाच. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. मॅनेजर म्हणाले होते, "एवढे थोडे दिवस नीट जाऊ देत, मग तुझं पत्र निघतंय." आणि एका सोमवारी सकाळी बोम्मसंद्रा लाल. मग हिरवा. मग पुन्हा लाल, आणि लालच राहिला. पाठोपाठ कारखान्याचा फोन. त्यांचे स्क्रीन अडकलेत, बिलं निघत नाहीत, झाकणांनी भरलेले ट्रक गेटवर उभे आहेत आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. हॉर्न आम्हाला फोनवर ऐकू येत होते.

आता माझं नशीब बघा. शुक्रवारी, नियमाप्रमाणे, आमच्या त्या ठिपकेवाल्या प्रोग्रॅमचा बोम्मसंद्र्यासाठीचा पासवर्ड मी बदलला होता. मीच. नीट बदलला होता, तपासला होता, दोन दिवस ठिपका हिरवा होता. पण सोमवारी सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

कॉलवर सगळे जमले. कारखान्याचे साहेब हिंदीत ओरडत होते. मॅनेजरांनी विचारलं, "शुक्रवारी बदल कोणी केला होता?"

"तप्पु नंदे," अण्णा म्हणाले.

सगळे हसले. कारखान्याचे साहेबही हसले, त्यांनाही आता ते ठाऊक होतं. मॅनेजर मात्र हसले नाहीत. त्यांनी कॉल म्यूट केला आणि मराठीत म्हणाले, "अण्णा, प्लीज. क्लायंटनं जबाबदार माणसाचं नाव लेखी मागितलंय. मला या वेळी खरं नाव द्यायला लागणार आहे."

"मग माझं द्या की."

"तुम्ही कॉफीच्या मशीनपासून सगळं कबूल केलंय हो. तुमचं नाव दिलं तर ते मलाच वेड्यात काढतील." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलेलं होतं. डोळ्यांपुढे आत्याचा क्लास, आत्याची छडी आणि भिंतीवर 'माउस म्हणजे काय' असा तक्ता दिसायला लागला.

अण्णांचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "सरी, ठीक हाय. मग शोधूया. नागपूर, बोल. पूर्ण वाक्य."

मी रडक्या आवाजात म्हटलं, "आपल्या मॉनिटरिंगच्या मशीनवरून निघाले. बोम्मसंद्र्याच्या सर्व्हरच्या दाराशी गेले. आणि लाल."

"लाल हे त्यानं सांगितलं?"

"नाही. आपल्या स्क्रीननं."

"त्यानं काय सांगितलं ते वाच."

मी लॉग, म्हणजे सर्व्हरनं दिलेल्या उत्तरांची नोंद, उघडला. इतक्या गडबडीत तो कोणी उघडलाच नव्हता. सगळे भिंतीकडे बघून निदान करत होते. सर्व्हरनं स्वच्छ लिहिलं होतं की आधीच खूप जण जोडलेले आहेत, आणखी कोणाला घेता येणार नाही.

अण्णांनी टेबलावर थाप मारली. "बघा! पासवर्ड चुकला असता तर तो म्हणाला असता, तुला ओळखत नाही. हा तर तिचं नावसुद्धा विचारत नाही. दारातच म्हणतोय, जागा नाही. सुटली की पोरगी!"

"सुटली कशी?" मॅनेजर म्हणाले. "तिच्या चुकलेल्या पासवर्डानंच पुन्हा पुन्हा प्रयत्न होऊन गर्दी झाली असेल."

म्हणजे मी पुन्हा आरोपी. मग आत कोण बसलंय हेच बघायला हवं होतं. पण आत शिरणार कसं, जागाच नव्हती. अशा वेळेसाठी सर्व्हर एक जागा राखून ठेवतो, फक्त मुख्य सांभाळणाऱ्यासाठी, घरच्या माणसाला मागचं दार असतं तशी. अण्णा तिथून आत गेले आणि त्यांनी सर्व्हरला विचारलं, बाबा, तुझ्याकडे कोण कोण बसलंय?

स्क्रीनवर नावं यायला लागली. कारखान्याची दोन-चार मशीन्स, आणि त्याच्याखाली एकच नाव. एकच नाव, खाली, खाली, अजून खाली. 'राजाजी'. मी ओळी सरकवत होते आणि राजाजी संपेनात.

"हे राजाजी कोण?" मॅनेजरांनी विचारलं.

अण्णांनी हळूच आपले पाय त्या टेबलाखालच्या पेटीवरून काढले.

आणि मग त्यांना जो आनंद झाला! तसा आनंद मी आजवर कुठल्या आरोपीला झालेला पाहिलेला नाही. उठून उभे राहिले, दोन्ही हात वर. "नोडी! नोडी! बघा, मीच! माझाच! खरंच माझा!"

झालं होतं ते असं. कंपनीनं ही ठिपक्यांची नवी व्यवस्था विकत घेतली, तेव्हा अण्णांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. आपला पहिला सर्व्हर परक्याच्या नजरेवर कसा सोडायचा? म्हणून त्यांनी स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याला आपल्या राजाजीनगरावरून 'राजाजी' नाव दिलं आणि त्या पायाखालच्या कॉम्प्युटरवर चालू करून दिला. तोही जाऊन बोम्मसंद्र्याची खुशाली विचारून यायचा. वर्षानुवर्षं बिनबोभाट. अण्णा तो विसरूनही गेले. पण कारखान्यानं आठवड्याअखेर इंटरनेटची लाइन बदलली आणि उत्तरं उशिरा यायला लागली. अण्णांचा प्रोग्रॅम थोडं थांबायचा, कंटाळायचा आणि पुन्हा नव्यानं आत जायचा. आधीचा मात्र आतच बसलेला. असं करत करत विचारपूस करणाऱ्यांनीच घर भरलं आणि घरच्यांना जागा उरली नाही.

मॅनेजरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, खरं सांगा. तिला वाचवायला आत्ता काहीतरी केलंत ना?"

अण्णा चिडले. देवाशपथ सांगते, मी त्यांना तेव्हाच एकदा चिडलेलं पाहिलं. "इतकी वर्षं खोटं कबूल केलं तेव्हा कोण पुरावा मागितला नाही. आज खरं सांगतोय तर पुरावा पाहिजे होय? बसा इथं. कॉल चालू करा. त्यांनापण बघू दे."

त्यांनी सगळ्यांसमोर तो प्रोग्रॅम बंद केला. राजाजींच्या ओळी पटापट गळाल्या. भिंतीवरचा ठिपका हिरवा झाला. फोनवर कारखान्याचे साहेब ओरडले, "आ गया, आ गया, बिल निकल रहा है!" आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात अण्णांनी प्रोग्रॅम पुन्हा चालू केला.

"अण्णा, काय करताय!" मॅनेजर किंचाळले.

"गुन्हा सिद्ध करतोय."

राजाजी एकेक करून आत जाऊन बसायला लागले. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. "एक, अजून एक, हा अजून एक. पटलं? का घर भरंपर्यंत थांबू?" मॅनेजरांनी हात जोडले. तेव्हा कुठे अण्णांनी तो कायमचा बंद केला आणि घाम पुसत खाली बसले. मला म्हणाले, "जा, घरी फोन कर. बाबांना सांग, आत्याला दुसरी बघायला सांगा."

मला हसू आणि रडू एकदम आलं. त्या संध्याकाळी बाबांनी फोन उचलला. पहिल्याच रिंगला.

माझं पत्र निघालं. पण रिपोर्टमध्ये नाव अण्णांचं गेलं, आणि या वेळी ते खरं होतं. क्लायंटनं वाद घातला नाही, फक्त एक अट घातली. न विचारता स्वतःचा प्रोग्रॅम त्यांच्या सर्व्हरवर लावणाऱ्या माणसाला त्या सर्व्हरवर ठेवायचं नाही. त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. अण्णांची नोकरी गेली नाही. त्यांना नव्या मुलांना शिकवायचं काम दिलं, आणि ते काम त्यांना आवडतंही. पण बोम्मसंद्र्याची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि अण्णांचं नाव तिथून काढायचं पहिलं कामही माझ्याच वाट्याला आलं. मी ते दोन दिवस टाळलं. शेवटी अण्णाच दुपारी खुर्ची घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

"कर. मी बघतो, चुकतीस का ते."

मी केलं. मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"झालं, अण्णा."

"झालं कशावरनं? तपासलीस?"

"काय तपासू?"

"मी आत जातोय का ते."

"राहू द्या ना, अण्णा."

"राहू द्या काय? कुलूप लावलं की ओढून बघायचं असतंय." त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे घेतला. नाव आणि पासवर्ड टाइप केला, भराभर, न बघता, आपण आपल्या घरातला दिवा अंधारात लावतो तसा. सर्व्हरनं सांगितलं, या नावाच्या माणसाला ओळखत नाही.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी दुसऱ्यांदा टाइप केलं, या वेळी सावकाश, एकेका अक्षराकडे बघत. मला कळलं की हे तपासणं नव्हतं. सर्व्हरनं तेच उत्तर दिलं.

"छान," ते म्हणाले. "एकदम बरोबर केलीस." आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, पण हात थोडा वेळ त्याच्यावरच राहिला.